सत्तेचाळीस ऐकलं आणि ७४ लिहिलं : चूक मुलीची की मराठीची?

कढीपत्ता
मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते, पण आज धागा काढायची वेळ आलीय.

मुलगी दुसरीत आहे, सेमी इंग्रजी. म्हणजे गणित इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. घरी अर्थातच मराठी. परवा सासूबाई वहीत बघून गॅसवाल्याचा नंबर सांगत होत्या आणि ही माझ्या मोबाईलवर दाबत होती. "अठ्ठ्याण्णव", हिने दाबलं ८९. "सत्तेचाळीस", हिने ७४. असे पाचही जोड उलटे दाबून फोन लावला. तो लागला कुठल्याशा बाईंना. सासूबाईंनी त्यांना "दोन दिवस झाले, सिलिंडर कुठाय?" म्हणून झापलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, आमचापण संपलाय.

हसून झालं. पण गेल्या आठवड्यात शाळेतल्या बाईंनी वहीत शेरा दिलाय : "आकडे उलटे लिहिते. एकदा बुद्ध्यांक चाचणी करून घ्यावी." तेव्हापासून घरात शांतता आहे. नवरा म्हणतो, घरात मराठी आकडे बोलणंच बंद करू, 'फॉर्टी सेव्हन' म्हटलं की विषय संपला. सासूबाई म्हणतात, आम्ही सगळे सत्तेचाळीस म्हणतच मोठे झालो, आमची बुद्धी कुठे गेली का?

माझे प्रश्न दोन. हे खरंच भाषेमुळे होतं का? आणि आपण ज्या भाषेत मोजतो तिच्यामुळे डोकं वेगळं चालतं का? २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातल्या 'वीस एक, वीस दोन' वरून एवढा गदारोळ झाला होता तेव्हा मीही हसले होते. आता हसू येत नाहीये.

रुमालवाला
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर.

रिकामटेकडा
सविस्तर म्हणजे त्रेपन्न ओळी की पस्तीस, ते आधीच सांग. 😄

सासूबाई आणि त्या अनोळखी बाई यांचं पुढे बोलणं झालं का? मैत्री व्हायला काहीच हरकत नाही.

शुद्धवाणी
प्रश्नातच उत्तर आहे. सेमी इंग्रजी. मूल धड इकडचं ना तिकडचं. पूर्ण मराठी शाळेत घाला, आकडे आपोआप सरळ होतील. आमच्या वर्गात साठ मुलं होती, एकानेही उलटा आकडा लिहिलेला आठवत नाही.

चाळीसगावचा मास्तर
@शुद्धवाणी, साठातल्या एकाचीही चूक तुम्हाला आठवत नाही, कारण तेव्हा तुम्हीही सात वर्षांचे होता. वह्या तपासत नव्हता. मी तपासतो. बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, शंभर टक्के मराठी माध्यम, आणि दर वर्षी दुसरीच्या वर्गात निम्मी पोरं श्रुतलेखनात सत्तेचाळीसला ७४ लिहितात.

कढीपत्ता ताई, एक करून बघा. तिच्यासमोर काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे आणि सात सुट्या काड्या ठेवा. काही न बोलता नुसतं म्हणा, "लिही." ४७ लिहील. गणितमाळेवर सत्तेचाळिसावा मणी दाखवा, तोही बरोबर सांगेल. गडबड होते ती कानाकडून हाताकडे येताना. कानात आधी 'सत्ते' पडतं, हात आधी ७ लिहून मोकळा होतो, मग मागून 'चाळीस' येतं. पोराची काय चूक? आपण लिहितो डावीकडून आणि बोलतो उजवीकडून.

त्यात आपला 'एकोण'. एकोणसाठमध्ये नऊ कुठे ऐकू येतो सांगा? एक ऐकू येतो, साठ ऐकू येतो. लिहायचं मात्र ५९. आणि एवढं शिकवून झाल्यावर नव्व्याण्णव येतो, तिथे एकोणशंभर म्हणायचं नाही! मागच्या वर्षी एका पोरीने विचारलं, "गुरुजी, एकोणशंभर का नाही?" मी म्हटलं, तू शोध आणि मला सांग. अजून शोधतेय.

म्युनिककर
इथे सात वर्षं झाली. जर्मनांचं अगदी आपल्यासारखंच. एकवीसला 'आयन-उंड-त्स्वान्त्सिश', म्हणजे 'एक आणि वीस'. सत्तेचाळीस 'सात आणि चाळीस'. ऑफिसात एक वयस्कर सहकारी आहेत, त्यांना फोन नंबर सांगितला की कागदावर आधी एककाचा आकडा लिहितात, डावीकडे जागा मोकळी ठेवून, मग मागे जाऊन दशक भरतात. शिवणाऱ्या सुईसारखी पेन्सिल पुढे-मागे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आजोबा आठवले.

इथे यावर रीतसर चळवळ आहे. बोखुम शहरात २००४ मध्ये 'त्स्वान्त्सिशआइन्स' नावाची संघटना निघाली. नावाचा अर्थच 'वीस-एक'. म्हणजे आपल्याकडे २०१९ मध्ये ज्यावर विनोद झाले ते इथले प्राध्यापक गंभीरपणे मागतायत. आणि लोक इथेही हसतातच.

नॉर्वेवाल्यांनी मात्र करून दाखवलं. त्यांचंही आधी 'तीन आणि वीस' होतं. टेलिफोन खात्याला चुकीच्या नंबरांचा वैताग आला आणि संसदेने ठरवलं की १९५१ पासून 'वीस-तीन' म्हणायचं. शाळा आणि रेडिओ बदलले. तरी जुन्या पद्धतीने म्हणणारे अजून भेटतात म्हणे.

रिकामटेकडा
म्हणजे आख्ख्या नॉर्वेची भाषा चुकीच्या ठिकाणी गेलेल्या फोनमुळे बदलली. सासूबाईंनी नेमका तसाच फोन केलाय. सरकारने नोंद घ्यावी.

तिरकस
झालं, आता प्रत्येक गोष्टीला भाषा जबाबदार. थोर गणिती गाऊस जर्मन होता. 'सात आणि चाळीस' म्हणत म्हणतच मोठा झाला. त्याचं काही अडलं? जर्मनांच्या गाड्यांची चाकं उलटी बसतात का? मुलं लहानपणी चुकतात, मोठी होतात, सुधारतात. बाईंच्या शेऱ्याचा बाऊ करू नका आणि मराठीवर बिल फाडू नका.

कुंदा_बेळगाव
आमच्या घरी आई कानडी, बाबा मराठी. कन्नडमध्ये सरळ आहे : इप्पत्तोंदु म्हणजे वीस-एक, नलवत्तेळु म्हणजे चाळीस-सात. तेलुगू, तमिळही तशाच. मी शाळेत पाढे मराठीत पाठ केले, पण आईने भाजीचा हिशोब सांगितला की तो कानडीतच डोक्यात राहायचा. अजूनही बेरीज करताना मध्येच अडकले तर आपोआप कानडीत जाते. भावाचं उलटं. एकाच घरात, एकाच ताटात जेवलेलो.

तिरकस, गाऊसचं मला माहीत नाही, पण मला स्वतःला नलवत्तेळु लिहिताना कधी थांबावं लागलं नाही, सत्तेचाळीसला अजून अर्धा क्षण लागतो.

मनकवडी
धागा माझ्या पोटापाण्याचा आहे, त्यामुळे जरा लांब लिहिते. मुलांची समुपदेशक आहे, अशी मुलं रोज बघते.

आधी महत्त्वाचं. सात वर्षांचं मूल ऐकलेला दोन अंकी आकडा उलटा लिहितं, एवढ्यावरून बुद्धीबद्दल काहीही म्हणता येत नाही. कमी-जास्त वस्तू ओळखता न येणं, पाचात तीन मिळवताना दर वेळी पहिल्यापासून मोजणं, असं इतरही काही दिसत असेल तर तपासणी जरूर करावी. पण तीही गणिताच्या अडचणीची, बुद्ध्यांकाची नव्हे. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता भाषा. ऑस्ट्रियात जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांना आकडे सांगून लिहायला लावले, तर एकूण चुकांतल्या जवळपास निम्म्या ह्या उलटापालटीशी संबंधित निघाल्या. @तिरकस म्हणतील, मुलंच कच्ची असतील. त्यावर चेक भाषेचं उदाहरण फार सुंदर आहे. चेकमध्ये दोन्ही रीती चालतात, 'वीस-पाच' आणि 'पाच-आणि-वीस'. तीच मुलं, तीच शाळा, तेच आकडे. उलट्या रीतीने सांगितले की चुका वाढतात, सरळ रीतीने सांगितले की कमी होतात. म्हणजे तिथे तरी मुलांना दोष देता येत नाही.

गाऊसचा मुद्दाही खराच आहे. हा फरक मुख्यतः सुरुवातीच्या वर्षांतला. मोठेपणी तो सेकंदाच्या काही अंशांपुरता उरतो, कुंदाताईंच्या 'अर्ध्या क्षणा'सारखा. मराठी मुलं पुढे गणितात मागे पडतात असं यातून निघत नाही.

पण त्या 'सुरुवातीच्या वर्षां'तच तर वहीत शेरे पडतात, नाही का? मूल सात वर्षांचं असताना "हिला आकडे येत नाहीत" हे तिच्या कानावर पडलं की पुढचं काम तो शेराच करतो.

कढीपत्ता, घरी एक प्रयोग करा. वीस आकडे निवडा. एक दिवस मराठीत सांगा, दोन दिवसांनी तेच क्रम बदलून इंग्रजीत. तिला परीक्षा वाटू देऊ नका. चुका किती यापेक्षा *कुठल्या* ते टिपून ठेवा.

तिरकस
चेकचं पटलं. गाऊस मागे घेत नाही, पण जरा बाजूला ठेवतो.

शुद्धवाणी
एकक आधी ही आपली परंपरा आहे. संस्कृतात एकविंशति, सप्तचत्वारिंशत्. 'अंकानां वामतो गतिः' हे वचन ऐकलं असेलच. जुने ज्योतिषी भूतसंख्येत वर्ष लिहायचे तेही एककापासून. नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार असे शब्द, आणि वाचायचे उजवीकडून डावीकडे. हजारो वर्षं कोणाचं बिघडलं नाही. आणि संगणकासाठी सर्वात योग्य भाषा संस्कृतच आहे हे तर...

रिकामटेकडा
आला, आला! संगणक आला! कोणी किती प्रतिसादांवर पैज लावली होती?

चाळीसगावचा मास्तर
भूतसंख्येचा मुद्दा मात्र फार चांगला काढलात, शुद्धवाणी. मनापासून. पण बघा, त्या पंडितांनी नियमच करून ठेवला होता की बोलणं उजवीकडून, तर वाचणंही उजवीकडून. दोन्हीचा मेळ होता. आपण शाळेत बोलणं एका दिशेने ठेवलं, लिहिणं दुसऱ्या दिशेने, आणि नियम पोराला सांगितलाच नाही. मी आता सांगतो : "आकडा बोलतो शेपटीकडून, लिहायचा डोक्याकडून." पोरं हसतात आणि लक्षात ठेवतात.

रुमालवाला
आलो. २०१९ बद्दल थोडं, कारण तेव्हाही सगळ्यांनी पुस्तक न बघताच मतं दिली होती. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसपासून पुढचे आकडे 'वीस एक, वीस दोन' असेही वाचायला दिले. समितीच्या प्रमुख होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं : त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर असली जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे काही मुलांना गणिताची भीती बसते, त्यांना एक सोपी वाट द्या. जुने शब्द काढून टाकलेच नव्हते, दोन्ही होते. पण विधानसभेत 'फडणवीस'चं 'फडण दोन शून्य' झालं आणि चर्चा तिथेच मेली. २०२३ मध्ये मंगलाताई गेल्या. तेव्हा श्रद्धांजलीच्या बातम्या वाचताना मला माझाच तेव्हाचा फॉरवर्ड केलेला विनोद आठवला. असो.

तिरकस
'सत्तर दोन' म्हणणारा मुलगा बाजारात गेला की दुकानदार 'बहात्तर' म्हणणार. मग? मुलाला समाजात राहायचंय की प्रयोगशाळेत? माझा विरोध तेव्हाही हाच होता.

मनकवडी
बाजाराचा विषय निघालाच आहे तर ही गोष्ट सांगते, मला स्वतःला फार आवडते.

ब्राझीलमधलं रेसिफे शहर. रस्त्यावर नारळ विकणारी मुलं. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. "एक नारळ केवढ्याला?" "पस्तीस." "दहा दे. किती झाले?" बारा वर्षांचा पोरगा म्हणतो : तीनाचे एकशेपाच. आणखी तिनाचे, दोनशेदहा. अजून चार राहिले... तीनशेपंधरा... तीनशेपन्नास. शाळेत 'दहाने गुणायचं तर पुढे शून्य द्या' शिकवतात, ते त्याने वापरलंच नाही, पण उत्तर बरोबर.

मग याच मुलांना तीच गणितं कागदावर दिली. ३५ गुणिले ४. एक मूल म्हणतं : चार पंचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. लिहिलं २००. दुकानावर चार नारळांचे १४० त्याने अचूक सांगितले होते! १९८५ साली हे प्रसिद्ध झालं. बाजारात ९८ टक्के उत्तरं बरोबर, कोऱ्या कागदावरच्या गणितांत ३७ टक्के. मुलं होती फक्त पाच, हेही सांगायला हवं. पण २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर खूप मोठा अभ्यास आला, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे मंडळींचा. चित्र तेच. आणि दुसरी बाजूही दिसली : शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांना बाजारातला हिशोब नीट जमेना.

आता सांगा, यांतलं हुशार कोण? कोणती चाचणी हातात धरलीय यावर ठरतं.

अण्णा_वाईकर
वय ७६. नातवाने हे मराठी टायपिंग शिकवले आहे, चुकभूल द्यावी घ्यावी.

आम्हाला पाढे तीसपर्यंत होतेच, पण त्याशिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. "औट घटकेचे राज्य" म्हणता ना, ते औट. चौदा सवे साडेसतरा. पंधरा दिढे साडेबावीस. सात औट साडेचोवीस. मास्तर छडी घेऊन मागे उभे. अर्थ कळायचा नाही, पण तोंडात बसले ते बसले. नंतर वडिलांच्या दुकानात बसलो तेव्हा सव्वासात रुपये शेराच्या दराने अडीच शेर मालाचे किती हे कागदाशिवाय सांगायचो. (सवाअठरा होतात. सव्वाअठरा आणि वर दोन नवे पैसे कमी की जास्त यावर गिऱ्हाइकाशी भांडण.)

उलट्या आकड्यांचा आम्हालाही त्रास झाला असेल, आठवत नाही. पण मला वाटते तुम्ही एक बाजूच बघता आहात. मराठीत पाऊण, सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन हे शब्द आहेत. अपूर्णांक हा आमच्यासाठी गणिताचा धडा नव्हता, घरातला शब्द होता. इंग्रजी शाळेतल्या नातवाला 'थ्री अपॉन फोर' सातवीत अवघड गेले. मी म्हटले अरे पाऊण रे. पाऊण भाकरी. तो म्हणाला, "आजोबा, पाऊण म्हणजे किती?"

तिरकस
अण्णा, साष्टांग. पण सव्वासात अडीचे म्हणजे १८.१२५. सव्वाअठरा १८.२५ झाले. गिऱ्हाईक बरोबर होतं. 🙂

अण्णा_वाईकर
तिरकस, पन्नास वर्षे झाली. गिऱ्हाईकही गेले. राहू द्या.

कुंदा_बेळगाव
😂 धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

आणि अण्णा, पावणेतीनचा गोंधळ आमच्याकडे रोजचा. मुलाला सांगितलं पावणेतीनला क्लास आहे. तो सव्वातीनला निघाला. त्याच्या मते 'पावणे' म्हणजे तीनच्या नंतर काहीतरी. आणि त्याच्या तोंडात 'साडेएक' आणि 'साडेदोन' असतं. दीड, अडीच नाहीच.

मनकवडी
साडेदोन ही चूक मला चुकीपेक्षा जास्त काहीतरी वाटते. त्याला 'साडेदोन' कोणी शिकवलं? कोणीच नाही, मोठी माणसं तो शब्द बोलतच नाहीत. साडेतीन, साडेचार ऐकून त्याने स्वतः नियम काढला आणि तो मागे लावून बघितला. घोकणाऱ्या पोपटाला हे जमत नाही. चाळीसगावच्या मास्तरांची 'एकोणशंभर'वाली पोरगीही तेच करतेय.

बोलका_पोपट
पोपटाचा उल्लेख झाल्याने हजर. 😀

मला यातला मूळ प्रश्नच कळत नाही. "कुठल्या भाषेत विचार करता?" मी भाषेत करतच नाही. मी इंटिरियरची कामं करतो. खोली बघितली की कपाट कुठे हे दिसतं. शब्द नंतर, गिऱ्हाइकाला सांगताना येतात. बायको म्हणते तिच्या डोक्यात दिवसभर कोणीतरी बोलत असतं. मला खरंच वाटायचं की ती गंमत करते.

रिकामटेकडा
बायकोच्या डोक्यात दिवसभर बोलणारा आवाज कोणाचा ते विचारू नकोस. सुखी राहशील.

मनकवडी
गंमत नाही करत त्या. माणसामाणसांत हा फरक खराच आहे. रसेल हर्लबर्ट नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लोकांच्या खिशात बीपर द्यायचे. तो दिवसात केव्हाही वाजणार, वाजला की त्या क्षणी डोक्यात नेमकं काय होतं ते लिहायचं. काहींच्या नोंदी शब्दांनी भरलेल्या, काहींच्यात शब्द जवळजवळ नाहीतच.

पण मोजणी हा प्रकार जरा वेगळा आहे. रशियन आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्यांना १९९९ च्या एका प्रयोगात काही बेरजा एकाच भाषेत पक्क्या करायला लावल्या. नेमकं उत्तर दुसऱ्या भाषेत विचारलं की वेळ जास्त लागायचा. 'साधारण किती?' विचारलं तर फरक नाही. तुमचं कपाट 'साधारण किती मोठं' ह्या जातीचं. कुंदाताईंच्या भाजीचा हिशोब 'नेमके किती' ह्या जातीचा, म्हणून तो कानडीत अडकलाय.

म्युनिककर
हे अगदी अनुभवाचं. ऑफिसात दिवसभर जर्मन, मित्रांशी इंग्रजी. जिममध्ये उठाबशा मोजतो मराठीत. शिवी आणि मोजणी, दोन्ही पहिल्या भाषेतच.

शुद्धवाणी
मग हेच तर मी म्हणत होतो! मातृभाषाच हवी.

कुंदा_बेळगाव
माझी मातृभाषा कुठली ते आधी सांगा, मग पुढे बोलू.

तिरकस
मनकवडी, एक प्रामाणिक प्रश्न. बुद्ध्यांक चाचण्यांतसुद्धा ही भाषेची भानगड घुसत असेल ना? मग त्या आकड्याला अर्थ काय राहिला?

मनकवडी
घुसतेच. आकडे ऐकून लगेच तसेच म्हणून दाखवायचे, असा एक भाग बहुतेक चाचण्यांत असतो. वेल्श मुलांचे गुण त्यात कमी यायचे. १९८० मध्ये दोन संशोधकांनी घड्याळ लावून बघितलं : वेल्शमध्ये आकड्यांचे शब्द उच्चारायलाच जास्त वेळ लागतो. मनातल्या मनात घोकताना आपल्याकडे जेमतेम दोनेक सेकंदांची टेप असते, शब्द लांब तर टेपवर आकडे कमी मावतात. तीच दुभाषी माणसं इंग्रजीत जास्त आकडे लक्षात ठेवत होती. चूक बुद्धीची नव्हती, अक्षरांच्या लांबीची होती.

म्हणून चाचणी नुसती भाषांतरित करून चालत नाही, इथल्या मुलांवर पुन्हा बसवावी लागते. आपल्याकडे हे काम १९३० च्या दशकात धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामतांनी केलं, मराठी आणि कन्नड मुलांसाठी. 'बिने-कामत' म्हणतात ती हीच. आणि मूळ बिने यांनी पॅरिसमध्ये १९०५ साली पहिली चाचणी केली ती कोणत्या मुलांना जादा मदत लागेल हे शोधायला, कोणावर शिक्का मारायला नाही. वहीतले शेरे बघितले की मला बिनेंची दया येते.

चाळीसगावचा मास्तर
यावरून लुरियांची अस्वलं आठवली. डीएडला एका सरांनी सांगितली होती. १९३१-३२ मध्ये रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले. शाळा न शिकलेल्या शेतकऱ्यांना विचारलं : "उत्तरेकडे बर्फ असतो तिथे सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या उत्तरेकडे आहे, तिथे बर्फ असतो. तिथली अस्वलं कुठल्या रंगाची?" एकाचं उत्तर साधारण असं : मी काळं अस्वल बघितलंय, दुसरं बघितलेलं नाही. ज्या त्या मुलखाची जनावरं वेगळी.

सर म्हणाले, बघा, तर्क करता येत नाही. मी गप्प बसलो, पण मनात आलं, माझ्या चुलत्यांना विचारलं असतं तर तेही म्हणाले असते, "मी गेलो नाही बाबा तिकडं, कोण गेला असंल त्याला इचार." आणि हाच माणूस ढगाचा रंग आणि मुंग्यांची रांग बघून पेरणी दोन दिवस पुढे ढकलायचा. न बघितलेल्या गोष्टीवर बोलायचं नाही ही त्याची शिस्त होती. परीक्षेचा खेळ त्याला कोणी शिकवलाच नव्हता.

रिकामटेकडा
ह्या धाग्यावर त्या उझबेक शेतकऱ्याची शिस्त लावली तर तीनच प्रतिसाद उरतील. माझा त्यात नसेल.

कढीपत्ता
आठवडा झाला. सगळ्यांचे मनापासून आभार, अण्णांचे जरा जास्त.

मनकवडींनी सांगितलेला प्रयोग केला. वीस आकडे, 'गॅसवाला-गॅसवाला' खेळ म्हणून. मराठीत ९ चुकले. त्यातले ७ सरळ उलटे : ४७ चे ७४, ३८ चे ८३ असे. उरलेले दोन एकोणचे. एकोणसाठला ६९ आणि एकोणसत्तरला ७९. मास्तर, तुम्ही म्हणालात तसंच, 'साठ' ऐकू आला आणि नऊ कुठेतरी लावायचा म्हणून लावला.

इंग्रजीत तेच वीस. एकच चुकला, सेव्हन्टीनला ७१! मी चक्रावले, मग लक्षात आलं की तिथे सेव्हन आधी ऐकू येतो. म्हणजे इंग्रजीसुद्धा तेरा ते एकोणीस उलटंच बोलते. मराठीत 'सतरा' मात्र तिने बरोबर लिहिला. नवऱ्याला हे दाखवलं. 'घरात मराठी आकडे बंद' हा ठराव सध्या स्थगित.

काड्यांचे गठ्ठे केले, तिथे एकही चूक नाही. हे सगळं वहीत लिहून बाईंकडे पाठवलं, अगदी तक्ता करून. त्यांनी बोलावलं. म्हणाल्या, "माझ्या वर्गात अशी अकरा मुलं आहेत, मी सगळ्यांना तोच शेरा दिला होता." काय बोलावं कळेना. शेपटी-डोक्याचं वाक्य त्यांना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

आणि एक. काल सासूबाई किराणावाल्याचा नंबर सांगत होत्या, या वेळी कागदावर. मुलीने सत्तेचाळीस ऐकलं, ७ लिहिला, डावीकडे बोटभर जागा सोडून. मग मागे जाऊन ४ भरला. म्युनिककर, तुमच्या सहकाऱ्यांची गोष्ट मी तिला सांगितलेली नाही, शपथ. नंतर सांगितली, तर आजीला जाऊन विचारते, "आजी, तू जर्मन आहेस का?"

म्युनिककर
सोमवारी ऑफिसात त्या आजोबांना हे सांगणार. पण मोबाईलवर जागा सोडता येत नाही, तिथे काय करते?

कढीपत्ता
आजीला म्हणते, "एकेक आकडा सांग." आजी म्हणते, "मी अठ्ठ्याण्णवच म्हणणार." दोघी अडून बसल्यात. सिलिंडर मी ॲपवरून मागवला.

रिकामटेकडा
आणि त्या दुसऱ्या बाईंना मिळाला का?